अण्णा, ते दीड डेसिबल

अण्णा, शकीलभाई गुरुवारी येणार आहेत. स्पीकरच्या दोन्ही जोड्या अजून हॉलमध्येच आहेत, तुमच्या त्या ज्वारीच्या कोठ्यांवर. एक आपण ठेवायची, दुसरी ते परत नेणार. तुम्ही निकाल देऊन गेलात, पण कोणती ठेवायची ते मला परत ठरवायचंय. प्रशांतनं, म्हणजे तुमच्या लेकानं, हात झटकले. "सासरा-सुनेचं भांडण, मी कशाला मधे पडू," म्हणाला. माईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला दोन्ही सारख्याच. धूळ दोन्हींवर बसती." राहिलो आपण दोघं, आणि त्यातले तुम्ही ऐन वेळेला उठून गेलात. असं असतं का कुठं? दीड महिना माझं डोकं खाल्लंत आणि पेट्या न्यायच्या दिवशी तुमचा पत्ता नाही.

तेरा दिवस मी त्या चारही पेट्यांवर चादर टाकून ठेवली होती. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं खाली धान्यच आहे. सोयगावचे तुमचे मावसभाऊ आले, रडले, डोळे पुसले आणि चहाची बशी नेमकी एका स्पीकरच्या डोक्यावर टेकवायला निघाले. मी एवढ्यांदा ओरडले, "तिथं नाही!" सगळा हॉल माझ्याकडं वळला. सुतकातली सून अशी किंचाळते म्हणजे काय! तर माई कोपऱ्यातनं शांतपणे म्हणाल्या, "तिथं नका ठेवू भाऊजी. ते आमच्या ह्यांचं शेवटचं भांडण हाय, अजून उचललं नाय." आणि त्या हसल्या. मग मी हसले. मावसभाऊ बिचारे बशी हातात धरून आमच्याकडं बघत राहिले. तुम्ही गेल्यावर या घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. सांगायची होती तेव्हा सांगितली नाही, आणि आता ती अशी पोटात बसलीय की घास गोड लागत नाही. पण एकदम नाही सांगणार. तुम्हीच म्हणायचात ना, माइक सुरू केल्या केल्या मुद्द्यावर यायचं नाही, लोकांना आधी खाली बसू द्यायचं.

आपल्या घरात शांततेचं कौतुक कधीच कुणाला नव्हतं. तुम्ही जन्मभर माइकवाले. सोयगावात लग्न असो, सप्ताह असो, उरूस असो की निवडणूक, झाडावर भोंगा बांधायला तुम्हीच. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षीचा तुमचा जन्म, आणि येईल त्याला सांगायचात, "रझाकार गेले आन् मी आलो. गावाला काय शांतता लाभली नाय." आणि सून केली ती कुठली? वाळूजच्या कारखान्यात गाड्यांचे हॉर्न तपासणारी. दिवसभर हॉर्न वाजवायचे, मीटरवरचा आकडा बघायचा, बरोबर असला की पुढं ढकलायचा. मला बघायला आलात तेव्हा माझ्या बाबांनी चाचरत सांगितलं, पोरगी नोकरी सोडणार नाही म्हणते. तुम्ही म्हणालात, "सोडायची कशाला? आमचाच धंदा हाय की." त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. प्रशांतकडं तर तोवर धड बघितलंही नव्हतं. हे त्याला मी आजवर सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

लग्न बिडकीनला, आमच्या दारात. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माइक कोकलायला लागला. असा कोकलायला लागला की घोडी बिथरली. तुम्ही वरबाप, डोक्याला फेटा, मुठीत अक्षता. मी अंतरपाटाच्या बाजूनं बघते तर तुम्ही गायब! आमच्या गावच्या माइकवाल्याला बाजूला सारून त्याच्या मशिनीपुढं उकिडवे बसला होता. फेट्याचा शेमला धुळीत. पुढचं मंगलाष्टक असं स्वच्छ निघालं की भटजींनी माझ्या आजोळचं नाव चुकवलं ते मांडवाबाहेरच्या बायकांनासुद्धा कळलं. आमच्या अल्बमात अक्षता टाकतानाच्या एकाही फोटोत तुम्ही नाही. माई त्यावरनं तुम्हाला कायम बोलायच्या आणि तुम्ही कायम एकच उत्तर द्यायचात, "लग्न कुणाचं का असंना, शब्द कळला पायजे."

शब्द कळला पाहिजे. तुमचं तेवढं एकच माप. भोंगा लावला की तुम्ही त्याच्याकडं पाठ करायची आणि चालत सुटायचं, गर्दीच्या टोकाला शेवटची म्हातारी बसलेली असेल तिथपर्यंत. तिला शब्द कळला की काम झालं. नाही कळला तर तिथनंच हात वर करून खूण करायची, वाढव.

पुढं गुडघे बोलायला लागले, झाडावर चढणं बंद झालं. सगळं सामान पुतण्याला देऊन तुम्ही माईंसह आमच्याकडं सिडकोत आलात, आणि पहिल्या आठवड्यातच टीव्हीवर भडकलात. "ह्याच्यातला माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय." मोबाइल तर तुम्ही कानापासून हातभर लांब धरायचात. नुसते बसून असायचात, अण्णा. तुम्हाला असं गप्प बसलेलं बघवेना. मी म्हटलं, घरासाठी चांगले स्पीकर घेऊ या का? चांगले म्हणजे खरंच चांगले. छोटे, पुस्तकांच्या कपाटावर मावतील असे.

"छोट्यातनं काय आवाज येणार?"

"ऐकून तर बघा."

बस्स. तिथनं तुमच्या अंगात आलं.

शकीलभाई तुमचे जुने दोस्त. तुमची जळालेली मशिनं दुरुस्त करता करता त्यांचे केस पिकले. आता रोशन गेटजवळ घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी ऐकायची खोली केलीय. भिंतींना गालिचे, खाली जाजम, मधोमध एकच खुर्ची. तिच्यात बसून माणसं डोळे मिटून महागाचे स्पीकर ऐकतात. तुम्ही खुर्चीत बसलातच नाही. पहिली जोडी वाजायला लागली तशी तिच्याकडं पाठ केलीत आणि निघालात. खोलीबाहेर, जिना उतरून, थेट रस्त्यावर. शकीलभाई माझ्याकडं बघायला लागले.

"बेटा, अण्णा कू पसंद नै आया क्या?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "शेवटच्या म्हातारीपाशी गेलेत."

खिडकीतनं बघितलं तर तुम्ही समोरच्या भंगाराच्या दुकानाजवळ उभे. एक हात कानामागं, दुसरा वर. वाढव, वाढव. शकीलभाईंनी कपाळावर हात मारला आणि खिडकीतनं ओरडले, "अण्णा, ये कमरे का स्पीकर है! बारात का नक्को समझो!" खाली भंगारवाला तुम्हाला विचारत होता, वर कुणाचं लग्न आहे म्हणून.

तीन शनिवार आपण तिथं जात होतो. शकीलभाईंची बायको आपल्याला बघितलं की न विचारता चहा टाकायची. पाच जोड्या ऐकल्या, तीन बाद केल्यात. एकीला सर्दी झालीय म्हणालात, एकीचं पोट सुटलंय, आणि तिसरी, "ही लई गोड बोलती, हिचं काय खरं नाय." राहिल्या दोन. एक शिसवाच्या रंगाची, ती माझी. एक काळी कुळकुळीत, ती तुमची. शकीलभाई आपल्या वादाला इतके कंटाळले की दोन्ही जोड्या रिक्षात घालून घरी आणून दिल्या. म्हणाले, घर में लड़ो, मेरे ग्राहक भागते.

शिसवी वाजली की खोली भरून जायची. सरोदची तार छेडली की तिचा गोलवा ऐकू यायचा, पखवाज छातीत यायचा. काळी त्यामानानं कोरडी. पण तिच्यात काहीही लपत नसे. तुम्ही सोयगावच्या भजनी मंडळाची स्वतः केलेली जुनी टेप लावलीत, तर काळीवर अभंगाच्या मधोमध कुणीतरी खोकलं. तुम्ही उडी मारलीत, "हा तुकादादा! मरून किती वर्षं झाली, खोकला बघ कसा जित्ता हाय!" मग तीच टेप शिसवीवर लावली. खोकला ऐकूच आला नाही.

"बघ, तुझ्या बाईनं तुकादादाला गिळला," तुम्ही म्हणालात.

"अण्णा, आपण भजन ऐकतोय की खोकला?"

"दोन्ही. खोकला बी त्या भजनातच होता."

 मला तेव्हा राग आला होता. आता लिहिताना वाटतं, किती खरं बोललात. पण तेव्हा कबूल केलं असतं तर मी तुमची सून कसली.

आणि त्या कोठ्या! शकीलभाई म्हणाले होते की स्पीकरखाली जड स्टँड हवा, आत वाळू भरलेला. तुम्ही म्हणालात, वाळू कशाला, आपल्याकडं ज्वारी हाय. पत्र्याच्या दोन कोठ्या काठोकाठ भरल्या, वर पोतं दुमडून टाकलं, त्यावर स्पीकर. मला लाज वाटली होती, पण शकीलभाईंनी कोठीवर बोटानं टकटक केलं आणि चक्क मान डोलावली. चारेक दिवसांनी तुम्ही सकाळी ऐकताना एकदम कपाळाला आठ्या घातल्यात. "डावीकडचा आवाज हलका झालाय. कोठीतनं ज्वारी काढली व्हय कुणी?" माई स्वयंपाकघरातनं पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या, चोर पकडल्यासारख्या. आदल्या दिवशी त्यांनी डाव्या कोठीतली ज्वारी दळायला दिली होती. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही दळणाची पिशवी बघितली असणार. तुम्ही आईशपथ घेतलीत की नाही बघितली. पुढं आठवडाभर माई भाकरीला दोन्ही कोठ्यांतनं मापून सारखी ज्वारी काढत होत्या.

आता त्या भांडणाचं. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. मी कारखान्यातनं साहेबांना विचारून आवाज मोजायचा मीटर आणला होता. तुम्हीच तर पहिल्या दिवशी सांगितलं होतं की दोन जोड्या ऐकायच्या तर आवाज आधी सारखा लावायचा. "आवाज जरासा वाढला तर माणसाला तो वाढलेला वाटत नाय, चांगला वाटतो." फर्दापूरला एकाच दिवशी दोन लग्नं होती, समोरासमोर दोन माइकवाले. तुम्ही बटण केसभर पुढं ठेवलंत आणि गाव म्हणायला लागलं की सोयगाववाल्याचं मशिन भारी. मशिन दोघांचं सारखंच होतं. हे सांगताना तुम्ही काय खूश व्हायचात! तर मी मीटर घेऊन बसले होते, आकडे लिहीत होते, आणि शिसवी कशी सरस आहे ते तुम्हाला कागदावर दाखवत होते. तुम्ही कागद बाजूला सारलात. म्हणालात, "सूनबाई, तुला आवाज कळत नाय. तुला आकडा कळतो."

तुम्ही सहज बोललात. मला झोंबलं. लग्न होऊन आले तेव्हापासून आवाजाचं सगळं मी तुमच्याकडनं शिकले, अण्णा. कुठला हॉर्न आतनं फुटलाय ते मी मीटरआधी कानानं सांगते, कारखान्यात मला त्यासाठी बोलावून नेतात. हे सगळं तुमच्यामुळं, आणि तुम्हीच म्हणता कळत नाही? दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. चहा आणून ठेवायचे, पण आदळून. तुम्ही तिसऱ्या दिवशी म्हणालात, "कपानं काय बिघडवलंय तुझं? चल, रविवारी निकाल लावून टाकू. डोळे मिटून ऐकतो. जी जिंकंल ती ठेवू."

तो रविवार. माईंचं जुनं लुगडं दोरीवर टाकून आपण पडदा केला. दोन्ही जोड्यांना बटण सारखं चालत नव्हतं. काळी थोडं फिरवलं तरी मोठ्यानं वाजायची, शिसवीला जास्त फिरवावं लागायचं. म्हणून बटणाशेजारी कागदाची पट्टी चिकटवून मीटरनं मोजून दोन रेघा मारल्या, एक हिची, एक तिची. तुम्ही स्वतः चष्मा लावून मीटर बघितलात. आणि त्या दिवशी तुम्ही चालत रस्त्यावर गेला नाहीत. "आज तुझ्या नियमानं," म्हणालात. मी सांगितलं तिथं खुर्ची ठेवलीत, आठ फुटांवर, तिच्यात ताठ बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटले. जन्मभर जे केलं नाही ते माझ्यासाठी केलंत.

आणि मी तुम्हाला फसवलं.

आधी काळी लावली, रेघेवर. मग मशिन बंद करून वायरी बदलल्या, शिसवी लावली, बटण रेघेपर्यंत आणलं. आणि सूतभर पुढं नेलं. मीटर बघायची गरजच नव्हती, अण्णा, ते माझं रोजचं काम आहे. दीड डेसिबल. एवढं कानाला जास्त वाटत नाही. चांगलं वाटतं.

पडद्याआडनं मला तुमचं तोंड दिसत होतं. तुम्ही ऐकत होता. मान हळूच डोलायला लागली. मला वाटलं आता डोळे उघडाल आणि म्हणाल, सूनबाई, बटण मागं घे. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "दुसरी. दुसरी चांगली हाय."

मी पडदा खाली केला. तुम्ही बघितलंत आणि मग एवढ्यांदा हसलात की माई बाहेर आल्या. "हरलो! ह्या पोरीला कान हाय! मी उगंच बोललो हिला." माझा हात हातात घेऊन असा गदागदा हलवलात, जसा निवडणूक जिंकलेल्या माणसाचा हलवतात. शकीलभाईंना फोन केलात, "काळी परत न्या, आमची सूनबाई जिंकली." दूधवाल्याला सांगितलंत. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना सांगितलंत, ज्यांना स्पीकरमधलं शष्प कळत नाही. प्रशांतला तर जेवताना दोनदा सांगितलंत. आणि मी मान खाली घालून भाजी वाढत होते. लाजतेय असं सगळ्यांना वाटलं.

सोमवारी सांगू म्हटलं, तर तुम्ही इतके आनंदात होता की धीर झाला नाही. मंगळवारी सांगू म्हटलं, तर पाहुणे आले. बुधवारी ठरवलंच होतं, कामावरनं आल्यावर चहाबरोबर सांगायचं, आणि तुम्ही चिडून काय काय बोलाल त्याची उत्तरंही बसमध्ये तयार केली होती. बुधवारी दुपारी प्रशांतचा फोन आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी रोज एकच विचार करते. चार-पाच किलो ज्वारी कमी झालेली ज्यांना कळली त्यांना दीड डेसिबल कळले नसतील? जन्म ज्यांचा बटण फिरवण्यात गेला त्यांना? तुम्हाला कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि कळूनही तुम्ही असे खळखळून हसलात, माझं कौतुक करत गल्लीभर फिरलात, यावरही बसत नाही. काहीही असलं तरी लाज मलाच आहे. मला काय हवं होतं? स्पीकर नको होते हो. तुमच्या तोंडनं एकदा ऐकायचं होतं की मला कान आहे. ते मिळालं, पण चोरून मिळालं, आणि आता खरं मागायला तुम्ही नाही.

मला तुमची लई आठवण येते, अण्णा. कामावरनं आले की दारातच विचारायचात, "आज किती वाजवले?" मी आकडा सांगायचे आणि तुम्ही म्हणायचात, "रोजगार हमीच हाय ही, देश गप बसणार नाय." रोज तोच विनोद. रोज मी हसायचे. आता आले की घर गप्प असतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज गुरुवार.

शकीलभाई अकराला आले, रिकामी खोकी घेऊन. तुमच्या फोटोपुढं उभे राहिले, काहीतरी पुटपुटले, मग काळीच्या वायरी सोडायला खाली बसले. मी म्हटलं, "शकीलभाई, काळी राहू द्या. शिसवी न्या."

"अरे? अण्णा तो फोन पे बोले, सूनबाई जीत गई..."

मग मी सांगितलं. माईंसमोरच सांगितलं, एका दमात, रेघेसकट, सूतभर पुढं नेलेल्या बटणासकट. शकीलभाई ऐकत राहिले. त्यांचा चेहरा एवढा गंभीर झाला की मला वाटलं आता बोलणार. आणि मग त्यांना हसू फुटलं. "डेढ़ डीबी! अण्णा कू! भोंगेवाले अण्णा कू!" हसता हसता भिंतीला टेकले, चष्मा काढला आणि डोळे पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

मग म्हणाले, "बेटा, दिल पे नक्को लो. दोनों लगाओ, आवाज बराबर करो, फिर से सुनो. जो अच्छा है वो रखो."

"ऐकणार कोण?" मी म्हटलं.

शकीलभाई उठले आणि शिसवीच्या वायरी सोडायला लागले. जोडी खोक्यात जाताना मी तिच्यावरची धूळ पुसून दिली. माईंनी त्यांना चहा दिला, भाकरी बांधून दिली, आणि शिसवी गेली.

मग मी काळी नीट लावली. आठ फुटांवर बसले आणि माझा सरोद लावला, ज्याच्यासाठी मी दीड महिना तुमच्याशी भांडले तो. पाच मिनिटं दम धरला. म्हटलं, सवय होईल. नाही झाली. तारा टोचत होत्या, गोलवा कुठंच नव्हता, खालचा सूर येतो न येतो. माझं डोकंच फिरलं. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं बोलले, "चुकलात तुम्ही, अण्णा! शिसवीच चांगली होती. बटण रेघेवर ठेवलं असतं ना, तरी शिसवीच जिंकली असती!"

आणि सवयीनं थांबले. तुमचं बोलणं येऊ दे म्हणून.

काही आलं नाही, अण्णा. सरोद वाजत राहिला. इतके दिवस पाहुण्यांपुढं, प्रशांतपुढं, स्मशानातनं सगळे परत आले तेव्हाही मी जशी रडले नव्हते तशी मग रडले.

माई पदराला हात पुसत आल्या आणि माझ्याजवळ खाली बसल्या. काय झालं, विचारलं नाही. त्यांनी आधी थोडा वेळ ऐकलं, मान वाकडी करून, तुम्ही ऐकायचात तसं नाही, आपल्या आपल्या पद्धतीनं.

"चुकले व्हय ते?"

"हो माई. साफ चुकले."

"असू दे," माई म्हणाल्या. "त्यांचं तेवढं चुकलेलं तरी राहू दे घरात."